जावांच्या कादंबरीतला कडीचा डबा

जुन्या जालन्यातल्या वाचक मंडळात केशवराव अंबडकरांचं स्थान सतरंजीच्या वर आणि माइकच्या खाली होतं. सतरंजी अंथरायची त्यांनी, माइकवर 'हॅलो, हॅलो' करायचं त्यांनी, वक्त्याला स्टँडवरून रिक्षात घालून आणायचं त्यांनी, आणि सगळं आटोपल्यावर आभार मानायचे तेही त्यांनीच. माणूस पाटबंधारे खात्यातून नकाशे काढून निवृत्त झालेला. रेघ सरळ, अक्षर देखणं, पुस्तकं वाचलेली ढीगभर. पण मधला जो तास असतो, ज्यात बोलायचं असतं, तो मात्र त्यांच्या वाट्याला कधी आला नव्हता. एकदा आभार मानता मानता त्यांनी पुस्तकाबद्दलची आपली चार वाक्यं आत घुसडून बघितली. अध्यक्ष राधेश्यामजींनी, म्हणजे ज्यांचं कापडाचं दुकान आणि त्या दुकानावरचा हॉल, त्यांनी बसल्या जागेवरून 'आटपा' अशी खूण केली, आणि कुणीतरी उठून पंखे बंद केले. बंद पंख्याखाली साहित्यावर बोलणं किती अवघड असतं ते ज्याचं त्यालाच ठाऊक.

म्हणून प्राध्यापक कल्याण सोनटक्के यांचा संभाजीनगरहून 'रविवारी जमत नाही' असा फोन आला, तेव्हा केशवरावांच्या मनात आशा जागी झाली. पत्रिका छापून झाली होती, विषय ठरला होता. राधेश्यामजींनी दोन मिनिटं छताकडं पाहिलं आणि म्हणाले, "अंबडकर, तुम्हीच बोलून टाका. तसेही येणार किती लोक? दहा-अकरा."

केशवरावांना 'दहा-अकरा' ऐकूच आलं नाही. 'तुम्हीच बोलून टाका' एवढं मात्र दुकानापासून घरापर्यंत ऐकू येत राहिलं.

विषय होता जावांच्या कादंबरीतल्या वस्तू आणि त्यांची प्रतीकं. तिचं खरं नाव वेगळं असणार. पण मंडळाच्या प्रतीचं कव्हर आणि पहिली काही पानं फार पूर्वीच गळून गेली, त्यामुळे जालन्यात तिला जावांची कादंबरी म्हणूनच ओळखतात. थोरली जाऊ आणि धाकटी जाऊ. पहिल्या प्रकरणात भाऊ वेगळे होतात, अंगणात भिंत उभी राहते, भिंतीत एक लहान दार राहतं. त्या दारातून एक पितळी कडीचा डबा सगळी कादंबरीभर इकडून तिकडं, तिकडून इकडं हिंडतो. शेवटच्या पानावर धाकटीकडून डबा येतो. थोरली उघडते, तर डबा रिकामा. ती काही बोलत नाही. डबा घासते, दाराजवळच्या खुंटीला टांगते. संपली कादंबरी.

या शेवटावर सोनटक्के सरांचा लेख प्रसिद्ध होता. 'रिकामा डबा म्हणजे मानवी अस्तित्वाची शून्यता.' केशवरावांना तो लेख तोंडपाठ होता. ते हेच सांगणार होते, फक्त थोडं वेगळ्या पद्धतीनं. त्यांना वाटलं, प्रतीक नुसतं कानावर पडून उपयोग नाही, ते डोळ्यांना दिसलं पाहिजे. मंचावर खरं जातं ठेवायचं, खरा पाट, खरा कंदील, आणि मधोमध खरा कडीचा डबा.

घरी त्यांच्या पत्नी उमाताईंनी भाजी निवडता निवडता हे सगळं ऐकून घेतलं. "व्याख्यान द्यायचंय का रुखवत मांडायचंय?" एवढंच त्या म्हणाल्या.

वरच्या मजल्यावरचे शिवाजीराव म्हणाले, "काका, प्रोजेक्टर लावा, आजकाल प्रोजेक्टरशिवाय लोक बसत न्हाईत." कोपऱ्यावरचा इस्त्रीवाला म्हणाला, सदरा पांढराच घाला, ज्ञान उठून दिसतं. कामाचा सल्ला फक्त शेजारच्या नंदाबाईंनी दिला. नंदाबाई म्हणजे भोकरदनच्या शाळेतून मुख्याध्यापिका म्हणून निवृत्त झालेल्या, गल्लीतल्या प्रत्येकाचं शुद्धलेखन आणि चालचलन दोन्हींवर लक्ष ठेवून असलेल्या बाई. "डबा ना? माझ्या सासूबाईंचा आहे. घेऊन जा भाऊ," म्हणाल्या आणि स्टुलावर चढून माळ्यावरून काढूनही दिला. चांगला जड, कडी घट्ट, पितळ अस्सं चमकणारं.

इथपर्यंत सगळं सुखाचं चाललं होतं. तेवढ्यात केशवरावांनी राजूरला आपल्या वर्गमित्राला, साहेबरावला, जात्यासाठी फोन केला. तो म्हणाला, "जातं हाय. अन डबाबी हाय आमच्या आईचा. पाक काळा पडलेला, शंभर वर्साचा आसल." काळा पडलेला! केशवरावांच्या डोळ्यांसमोर थोरली जाऊच उभी राहिली. नंदाबाईंचा डबा फारच सुखवस्तू वाटायला लागला. मग त्यांनी तो फडक्यानं स्वच्छ पुसला, झाकण लावलं, कडी अडकवली आणि खात्यातल्या शिस्तीनं, जसा आणला तसा, शेजारी नेऊन दिला.

"झालं काम?" नंदाबाईंनी विचारलं.

"नाही, दुसरा मिळाला. याच्यापेक्षा चांगला," केशवराव म्हणाले.

नंदाबाईंनी डब्याची कडी काढली, आत बघितलं, परत झाकण लावलं. "बरं," म्हणाल्या, आणि दार लावून घेतलं. केशवरावांना त्यात वावगं काहीच दिसलं नाही. उभ्या संसारात शेजारपाजारची भांडी नेणं-आणणं हे काम उमाताईंचं. त्यांनी कधी वाटीसुद्धा पोचवली नव्हती.

दुसऱ्या दिवशी ते राजूरला गेले. साहेबरावची आई तुळजाबाई जात्यापाशी बसूनच होती. तिनं जात्याला हळदकुंकू लावलं, वर खण ठेवला, नारळ ठेवला. "घरातून जातं निघून राह्यलं, तसंच कसं जाऊ द्यायचं? कधी हाय?" तिनं विचारलं.

"रविवारी. हॉल घेतलाय."

"देवा गणपती! पोरीचं चांगलं व्हवू दे." आणि तिनं डोळ्याला पदर लावला.

व्याख्यानाला डोळ्यात पाणी म्हणजे ग्रामीण भागात साहित्याची केवढी ओढ, असं केशवरावांना वाटलं. 'पोरीचं' हा शब्द त्यांनी ऐकला, पण कादंबरीतल्या धाकट्या जावेबद्दल म्हणत असेल, असा अर्थ लावून ते मोकळे झाले. प्रतीकं शोधायची सवय एकदा लागली की समोरचं साधं काही दिसेनासं होतं.

डब्यात मात्र तुळजाबाई बाजरीचं पीठ भरायला निघाली होती. "रिकामा डबा घरातून न्हेऊ न्हाई भाऊ."

"नाही, नाही! रिकामाच पाहिजे. भरला तर सगळा अर्थच बिघडेल," केशवरावांनी डबा जवळजवळ ओढूनच घेतला. म्हातारीनं साहेबरावकडं बघितलं. साहेबरावनं 'शहरात गेल्यावर व्हतं असं' अशा अर्थानं मान हलवली.

एसटीत कंडक्टरनं जात्याचे दोन दगड म्हणजे दोन नग, असा पवित्रा घेतला. केशवरावांनी जातं ही एकच वस्तू कशी आहे, वरच्या दगडाला खालच्याशिवाय अस्तित्व कसं नाही, हे समजावून सांगितलं. कंडक्टर म्हणाला, "साहेब, नवरा-बायको बी एकच आसतात, पण तिकटं दोन काढावी लागतात." सगळी गाडी हसली. एका बाईनं हळदकुंकू बघून विचारलं, "हळद दळायला चाललं का?" पुढच्या सीटवरची म्हणाली, "तर काय! आजकाल जातं कुठं मिळतं शहरात." केशवराव तिकिटाच्या अपमानात बुडालेले होते. त्यांनी नुसती मान डोलावली.

जालन्याला उतरताना हमाल मिळेना, रिक्षावाला दगड बघून लांब सरकायला लागला, आणि या धांदलीत जातं उतरलं, खण उतरला, नारळ उतरला, केशवराव उतरले. डबा सीटखालीच राहिला. रिक्षा निम्म्या वाटेत गेल्यावर लक्षात आलं. परत फिरले, तोवर गाडी आल्या वाटेनं, राजूरवरून, परत भोकरदनला निघून गेली होती.

चौकशीच्या खिडकीत एक सद्गृहस्थ चहा पीत होते. "काय राह्यलं गाडीत?"

"पितळी डबा."

"आत काय होतं?"

"काही नाही. रिकामा होता."

गृहस्थांनी कप खाली ठेवला. "राजूरहून रिकामा डबा घेऊन आलते तुम्ही?"

"हो."

"मुद्दाम?"

"मुद्दाम."

गृहस्थांनी केशवरावांना पायापासून डोक्यापर्यंत न्याहाळलं, आवाज खाली आणला आणि विचारलं, "घरी कळवू का कुणाला?"

अशी अब्रू घेऊन केशवराव गल्लीत उतरले तर गल्ली दारात उभी. जातं, हळदकुंकू, खण, नारळ. आता काही विचारायची गरजच नव्हती. शिवाजीराव वरून ओरडले, "काका, छुपे रुस्तम निघाले तुम्ही!" रात्री पुण्याहून लेकीचा, जान्हवीचा, फोन आला. "बाबा, माझं लग्न ठरलंय म्हणे. मला फक्त एवढं सांगा, मुलगा काय करतो?"

केशवरावांनी सगळ्यांना समजावलं. पण आपल्याकडं लग्नाबद्दल बाप 'नाही नाही' म्हणायला लागला की लोकांची खात्रीच पटते. त्यात हॉल रविवारचा, म्हणजे साखरपुडा. अडचण फक्त डब्याची राहिली. तेव्हा सकाळी ते परत नंदाबाईंच्या दारात गेले.

"ताई, तो डबा परत लागत होता."

नंदाबाईंनी चष्मा काढला. शाळेत त्या चष्मा काढायच्या तेव्हा इन्स्पेक्टरसुद्धा उभा राहायचा म्हणतात. "अंबडकर," त्या म्हणाल्या. 'भाऊ' गेलं होतं. "तुम्ही परवा जे सांगायचं ते सांगितलंत. मला कळलं. पोरीचं लग्न ठरवलं, आम्हाला सांगितलं न्हाई, ठीक. जान्हवी माझ्या मांडीवर वाढली, तेही विसरा. आता परत डबा कशाला?" आणि दार बंद.

केशवराव घरी येऊन खुर्चीत बसले. "मी काय सांगितलं यांना? मी तर नुसता डबा परत दिला."

"काय घालून दिलात?" उमाताई स्वयंपाकघरातून म्हणाल्या.

"काय घालायचं? होता तसा दिला. पुसून."

उमाताई हातातला झारा घेऊनच बाहेर आल्या. "रिकामा? शेजारणीचा डबा तुम्ही रिकामा नेऊन दिलात? अहो, चिमूटभर साखर घालायची होती! दोन शेंगदाणे टाकायचे होते! रिकामा डबा देतात म्हणजे काय, माहिती आहे का? तुमचं आमचं संपलं! वीस वर्षं तिची माझी एक वाटी रिकामी गेली नाही हो इकडून तिकडं!" आणि त्यांना रडूच फुटलं.

केशवराव उठून उभे राहिले. उमाताईंना वाटलं, आता हे माफी मागतील. पण त्यांचा चेहरा काही भलताच झाला होता.

"परत म्हण."

"काय परत म्हणू? जीव जातोय इथं माझा!"

"रिकामा डबा म्हणजे तुमचं आमचं संपलं," केशवराव स्वतःच म्हणाले, आणि कव्हर नसलेल्या त्या कादंबरीकडं धावले. शेवटचं पान उघडलं. धाकटीकडून डबा आला. थोरलीनं उघडला. रिकामा. अरे देवा! शून्यता कुठली आलीय यात? भांडण आहे हे! अख्ख्या कादंबरीत दोघी जावा एकमेकींना वावगा शब्द बोलत नाहीत, भिंत उभी राहते तेव्हासुद्धा नाही. आणि शेवटच्या पानावर धाकटीनं घाव घातलाय, एकही शब्द न बोलता. मंडळातले इतके विद्वान, सोनटक्के सर, आणि स्वतः केशवराव, कुणाला म्हणून दिसलं नाही. कारण डबा पोचवायला यांतलं कधी कुणी गेलंच नव्हतं!

पण आनंद फार वेळ टिकला नाही. बाहेर नंदाबाईंचं दार बंद दिसत होतं, आणि आत उमाताई रडत होत्या. व्याख्यान गाजलं न गाजलं, हे दार उघडलं पाहिजे, असं केशवरावांना त्या वेळी मनापासून वाटलं.

रविवारी हॉल भरला. भरला म्हणजे जिन्यापर्यंत भरला. मंडळाच्या इतिहासात इतकी माणसं कधी आली नव्हती, आणि तीही अशी नटूनथटून. बायका पैठण्या नेसून, बाप्ये फेटे बांधून. जात्यावर कुणीतरी येता येता आणखी हळदकुंकू वाहून गेलं. तिसऱ्या रांगेत नंदाबाई बसल्या होत्या, नवरा मुलगा कसा आहे तो बघायला, तोंड फिरवून.

आणि त्यातच जिन्यावरून सोनटक्के सर वर आले. तिकडचं काम रद्द झालं होतं. गर्दी बघून सरांचे डोळे पाणावले. राधेश्यामजींची कळी खुलली. त्यांनी केशवरावांना बाजूला घेतलं. "अंबडकर, सर आले. आता तेच बोलतील. तुम्ही आभार मानून घ्या."

आयुष्यात एकदा आलेला तास हा असा जिन्यावरून चढून आला आणि दुसऱ्याचा झाला. पांढऱ्या सदऱ्यात ते निमूट मागच्या खुर्चीकडं वळले. सोनटक्के सर माइकपाशी गेले, घसा खाकरला, आणि म्हणाले, "मानवी अस्तित्वाची..."

"ओ साहेब!" मधूनच एक फेटेवाले आजोबा उठले. "तुम्ही मुलाकडचे का?"

"मी... नाही."

"मंग बसा की! आधी पोरीच्या बापाला बोलू द्या!"

"बराबर हाय!" मागून आवाज आला. "केशवराव! केशवराव!" बायकांनी टाळ्या वाजवल्या. पोरीच्या बापाच्या आधी परक्यानं बोलायचं, हे जालना जिल्ह्यात कुणी खपवून घेत नाही. राधेश्यामजी दुकानदार माणूस, गिऱ्हाइकाचं मन ओळखणारा. त्यांनी सरांना हळूच पहिल्या रांगेत बसवलं.

केशवराव माइकपाशी आले. "हॅलो, हॅलो," सवयीनं म्हणाले. मग म्हणाले, "लग्न नाही. साखरपुडा नाही. हे एका कादंबरीवरचं व्याख्यान आहे."

हॉलमधून एक मोठा उसासा निघाला. खुर्च्या सरकल्या. पैठण्या उठायला लागल्या. जिन्यातली माणसं उतरायलाही लागली.

"बुधवारी मी शेजारणीकडून डबा आणला," केशवराव घाईघाईनं म्हणाले, "आणि गुरुवारी तो रिकामा परत दिला."

"अगं बाई!" अख्ख्या हॉलमधून एकदम आलं.

उठलेल्या बायका खाली बसल्या. जिन्यातली माणसं वर आली. "रिकामा?" कुणीतरी खात्री करून घेतली.

"रिकामा. पुसून," केशवराव म्हणाले. "आता तुम्ही जे 'अगं बाई' म्हणालात ना, ते या कादंबरीचं शेवटचं पान आहे."

मग ते बोलत राहिले. भिंत सांगितली, दार सांगितलं, दळताना जात्यावर दोघी जावा कशा समोरासमोर बसायच्या आणि वेगळं झाल्यावर एकीला एकटीनंच जातं ओढताना कसं जड जायचं, ते जात्याचा खुंटा धरून दाखवलं. डबा गेला की तिकडून कधी चटणी, कधी कण्या, कधी नुसतं एक लिंबू यायचं, आणि त्या लिंबातसुद्धा दोघी कशा बोलायच्या. लोक पुतळ्यासारखे ऐकत होते. शेवटी रिकामा डबा आला तेव्हा पुढच्या रांगेतली एक बाई धाकटीला चक्क शिवी देऊन गेली.

"पण शून्यता..." सोनटक्के सर अर्धवट उठले.

"सर, बसा," राधेश्यामजी म्हणाले. "बाया ऐकून राह्यल्या."

"एकच मला सुटलं नाही," केशवराव म्हणाले. आता ते तिसऱ्या रांगेकडंच बघत होते. "थोरली तो डबा घासून दाराजवळ खुंटीला का टांगते? इतका अपमान झाल्यावर? ज्या बाईचा डबा मी रिकामा दिला, त्या बाई इथं आहेत. माझ्याकडून चूक झाली, ताई. मला रीत माहीत नव्हती. मला संपवायचं नव्हतं."

सगळ्या माना तिसऱ्या रांगेकडं वळल्या. नंदाबाईंनी चष्मा काढला, पुसला, परत घातला आणि वर्गात उभ्या राहाव्यात तशा उभ्या राहिल्या.

"ज्याचं संपलं त्याचा डबा माळ्यावर जातो," त्या म्हणाल्या. "दाराजवळ टांगला म्हणजे परत भरून धाडायचाय. तिनं धाकटीचं मनावर घेतलं न्हाई." मग केशवरावांकडं बघून म्हणाल्या, "थोरल्यांना असं करावं लागतं, भाऊ."

'भाऊ' परत आलं होतं. उमाताईंनी तोंडाला पदर लावला, आणि हॉलमध्ये टाळ्यांचा असा पाऊस पडला की खाली दुकानातली गिऱ्हाइकं वर बघायला लागली.

आता आभार कोण मानणार, असा प्रश्न उभा राहिला. आभार मानणारा माणूस माइकपाशी लोकांच्या गराड्यात अडकला होता. राधेश्यामजींनी इकडं तिकडं पाहिलं आणि सोनटक्के सरांना विनंती केली. सरांनी आभार मानले, छानच मानले. शेवटी त्यांनी शून्यतेबद्दलची चार वाक्यं आत घुसडून बघितली. कुणीतरी उठून पंखे बंद केले.

घरी जाताना केशवराव स्टँडवरून गेले. चौकशीच्या खिडकीपाशी तोच कंडक्टर उभा होता, हातात काळा पडलेला डबा. "साहेब, तुमचाच ना? भोकरदनला माझ्याकडंच ठिवल्ता." केशवरावांनी डबा घेतला. जड लागला. उघडून बघितलं, तर राजूरच्या गणपतीचा प्रसाद, पेढे आणि खोबरं.

"मी रिकामा ठेवला होता," केशवराव म्हणाले.

"रिकामा डबा कसा देणार साहेब?" कंडक्टर ओशाळून हसला. "गाडी राजूरला थांबल्ती, टाकला प्रसाद."

केशवराव तो डबा तसाच घेऊन नंदाबाईंच्या दारात गेले. आयुष्यात पहिल्यांदाच ते भरलेला डबा कुणाकडं पोचवत होते, त्यामुळे दोन्ही हातांनी धरला होता. नंदाबाईंनी डबा घेतला. कडी काढली, आत बघितलं आणि हसल्या.

सकाळी दूध आणायला निघताना केशवरावांनी सहज शेजारी नजर टाकली. नंदाबाईंच्या दाराजवळच्या खिळ्याला डबा टांगलेला होता. घासलेला. शंभर वर्षांचा काळा थर पार गेला होता, आणि डबा उन्हात लखलखत होता.

"उमा!" केशवराव तिथूनच ओरडले. "ये, बघ! टांगलाय!"

बुधवारी डबा आला. आत भरल्या वांग्यांची भाजी होती. मीठ जरा जास्त झालं होतं, पण केशवरावांनी चकार शब्द काढला नाही. डबा स्वतः घासला, आणि आता तुळजाबाईंना परत करताना त्यात काय घालायचं, हे ठरवायला खुर्ची ओढून उमाताईंसमोर बसले.